परदेशात दोघांचा लांब मुक्काम : महिन्याचा मेळ कसा बसवायचा

एक महिना थायलंडमधलं चियांग माई, एक महिना व्हिएतनाममधलं दा नांग, एक महिना मलेशियातलं पेनांग असा फिरता संसार करायचा ठरवलं की पहिला प्रश्न पडतो तो पैशांचा : दोघांना महिन्याला नेमके किती लागतात? चहापासून टॅक्सीपर्यंत सगळं रोज लिहूनही बऱ्याच जणांचा हा आकडा चुकतो. घोळ बहुतेक वेळा मोठ्या रकमांत असतो. दोन मुक्कामांचं आगाऊ भाडं एकाच महिन्यात पडतं. एटीएममधून काढलेले पैसे एकदा खर्च म्हणून लिहिले जातात आणि त्याच पैशांची भाजी पुन्हा खर्च म्हणून लिहिली जाते. घरमालकाकडे ठेवलेली अनामत खर्चात धरली जाते. आणि पुण्यातल्या बंद फ्लॅटचा मेंटेनन्स कोणाच्या ध्यानीमनीही नसतो.

यावरचा उपाय नवा नाही. दुकानदाराच्या वहीत जे तीन भाग असतात, म्हणजे रोजकीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (प्रकारानुसार बेरजा) आणि रोकड मेळ (हातातली रोख मोजून ताडणं), तेच इथेही लागतात. वहीच्या जागी दोघांच्या फोनवर उघडणारी एकच गूगल शीट, एवढाच फरक. खाली उदाहरणं थायलंड, व्हिएतनाम आणि मलेशियाची दिली आहेत, कारण लांब मुक्कामाला हे देश सोयीचे पडतात. पद्धत कुठेही चालेल.

शीटची मांडणी

आठ रकाने पुरतात : तारीख, काय घेतलं, रक्कम, चलन, कप्पा, कशातून दिले, कोणी दिले आणि किती रात्रींसाठी. रुपयांचा नववा रकाना शीटने स्वतः भरायचा, त्याला हात लावायचा नाही. चलन, कप्पा आणि ‘कशातून’ या तीन रकान्यांत ड्रॉपडाउन लावून टाका. नाहीतर एक जण ‘भाजी’ लिहितो, दुसरा ‘भाजीपाला’, तिसऱ्या दिवशी ‘बाजार’, आणि महिनाअखेर एकाच गोष्टीच्या तीन बेरजा समोर येतात.

सुरुवातीलाच शीटच्या सेटिंग्जमध्ये देश ‘भारत’ आहे ना, ते बघा. तिथे अमेरिका असेल तर ५ नोव्हेंबरची नोंद ११ मे होऊन बसते, आणि ते महिनाअखेरपर्यंत कळत नाही. दुसरा सापळा व्हिएतनामचा आहे. तिथे हजाराचा विभाजक म्हणून टिंब वापरतात. बिलावर ५०.००० छापलेलं असतं, म्हणजे पन्नास हजार डोंग. तसंच्या तसं शीटमध्ये टाकलं की शीट ते पन्नास समजते. म्हणून व्हिएतनाममध्ये चलनाच्या यादीत ‘हजार डोंग’ असंच नाव ठेवा आणि फक्त हजारांचा आकडा लिहा. तिथल्या मेनूकार्डांवरही पंचेचाळीस हजाराला ‘४५ के’ असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे सवय लवकर होते. शून्यांवरून आठवलं : २०,००० आणि ५,००,००० च्या दोन्ही नोटा निळसर असतात. रात्री टॅक्सीतून उतरताना वीस हजाराऐवजी पाच लाख हातात गेले, तर ती चूक कुठल्याही शीटमध्ये दुरुस्त होत नाही. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

गूगल शीटचं अॅप फोनवर घेऊन ही फाइल ‘ऑफलाइन’ उपलब्ध करून ठेवा, दोघांच्याही फोनवर. काही जण पटकन नोंदीसाठी गूगल फॉर्म बनवतात. तो वापरायला सुटसुटीत असतो, पण नेट नसेल तर उघडत नाही, आणि सीमेवर, विमानतळावर, बसमध्ये नेमकं तेव्हाच नेट नसतं. तयार अॅपच हवं असेल तर ‘ट्रॅव्हलस्पेंड’मध्ये एक खर्च अनेक दिवसांवर वाटता येतो, ही आपल्या कामाची सोय आहे. ‘स्प्लिटवाइज’ कोणी कोणाला किती द्यायचे यासाठी आहे; महिन्याचा जमाखर्च त्यातून नीट उभा राहत नाही, आणि फुकट आवृत्तीत दिवसाला मोजक्याच नोंदी करता येतात.

कप्पे बारा-तेराच्या वर नेऊ नका. घर (भाडं, वीज, पाणी), बाहेरचं जेवण, किराणा, गावातला प्रवास, मुक्काम बदल (विमान, ट्रेन, बस), व्हिसा आणि विमा, फोन-नेट, औषधपाणी, भटकंती आणि तिकिटं, मांडामांड (नव्या गावात सुरुवातीला लागणारं सामान), बँक आणि चलन, तिचा खिसा, त्याचा खिसा. भारतातल्या खर्चाचं वेगळं पान. ‘इतर’ नावाचा कप्पा ठेवूच नका. तो असला की आळसाने सगळं त्यातच जातं, आणि महिन्याच्या शेवटी सर्वांत मोठा खर्च ‘इतर’ निघतो.

एका बिलात दूध, शांपू आणि बिअर असे तिन्ही प्रकार आले तर? तीनशे बाथच्या (बाथ हे थायलंडचं चलन) आतलं बिल असेल तर ज्याचा भाग जास्त, त्या कप्प्यात सगळं टाका. त्यावर असेल तरच फोडा. पै-पैचा हट्ट धरणारे तिसऱ्या आठवड्यात हिशेबच सोडून देतात.

नोंद काउंटरवरून हलण्याआधी करायची. पंधरा सेकंद लागतात. रात्री आठवून लिहायचं ठरवलं तर दिवसातल्या दोन गोष्टी हमखास सुटतात, आणि दोन दिवसांनी लिहायला बसलात तर निम्म्या नोंदी अंदाजाच्या असतात.

पैसे कधी गेले आणि वापरले कधी

सगळ्या पद्धतीचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

समजा, चियांग माईत १८ नोव्हेंबरला २८ रात्रींसाठी स्टुडिओ घेतला आणि १५,४०० बाथ त्याच दिवशी दिले. (२८ हा आकडा मुद्दाम : एअरबीएनबी या घर-बुकिंगच्या संकेतस्थळावर २८ रात्रींपासून पुढचं बुकिंग मासिक मुक्काम धरतात, आणि घरमालकाने मासिक सवलत ठेवली असेल तर ती तिथून लागते. २६ रात्री शोधत असाल तर २८ रात्रींचा भाव एकदा तपासा. कधीकधी एकूण रक्कमच कमी येते.) ही रक्कम नोव्हेंबरात टाकली तर नोव्हेंबर महागडा दिसतो आणि डिसेंबर जवळपास फुकट. त्याऐवजी रात्रीचा दर काढा : १५,४०० भागिले २८, म्हणजे ५५० बाथ. नोव्हेंबरात १८ तारखेच्या रात्रीपासून ३० च्या रात्रीपर्यंत १३ रात्री, म्हणून ७,१५० बाथ. उरलेल्या १५ रात्रींचे ८,२५० बाथ डिसेंबरात.

दिवस मोजू नका, रात्री मोजा. पोचण्याचा आणि निघण्याचा, असे दोन्ही दिवस धरले जातात आणि एक दिवस जास्तीचा भरतो. पाच मुक्काम बदलले की पाच दिवसांचा फरक.

ही वाटणी सगळ्या खर्चांना नको. दोनच प्रश्न विचारा : रक्कम मोठी आहे का, आणि तिचा उपयोग एका रात्रीपलीकडे जातो का? दोन्हीला होकार आला तरच ‘किती रात्री’चा रकाना भरायचा. भाडं, विमा, व्हिसा, विमानाची तिकिटं, महिन्याचं सिम, भाड्याची दुचाकी. बाकी सगळ्यांपुढे १.

कुठला खर्च किती रात्रींवर पसरायचा, याचा नियम आधीच ठरवून ठेवा, म्हणजे दर वेळी वाद नको. भारतातून जाण्या-येण्याचं विमान आणि प्रवासविमा पूर्ण सफरीवर. ९० रात्रींच्या सफरीत दोघांची जाण्या-येण्याची तिकिटं ४८,००० रुपयांना आणि विमा १८,००० ला पडला असेल, तर रात्रीला ५३३ आणि २०० रुपये. व्हिसा त्या देशातल्या रात्रींवरच. व्हिएतनामचा एकेरी प्रवेशाचा ई-व्हिसा माणशी २५ डॉलरचा असतो आणि तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. तिथे तीसच रात्री राहणार असाल तर दोघांचे ५० डॉलर तीस रात्रींवर वाटा, नव्वदवर नाही. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाण्याचं तिकीट नेहमी पुढच्या गावाच्या नावे टाका. चियांग माई ते दा नांग विमान दा नांगच्या खर्चात. तसं केलं तरच ‘हे गाव आपल्याला कितीला पडलं’ हे खरं कळतं, नाहीतर दूरची गावं उगीच स्वस्त भासतात.

अनामत हा खर्च नाही. तिच्यासाठी शीटमध्ये ‘येणे’ नावाचं छोटं पान ठेवा : कोणाकडे, किती, कोणत्या चलनात, कधी परत. थायलंडमध्ये महिन्याच्या भाड्याने घर घेताना अनामत मागतातच. ५,००० बाथ ठेवले आणि निघताना विजेचे ८०० कापून ४,२०० परत मिळाले, तर खर्च फक्त ८००, तोही ‘घर’ कप्प्यात. हॉटेलाने कार्डावर रोखून धरलेली रक्कम, विमा कंपनीकडून यायचे पैसे, रद्द तिकिटाचा परतावा, हे सगळं याच पानावर. परतावा आला की मूळ कप्प्यातच उणे नोंद टाका. जमा म्हणून वेगळी दाखवलीत तर उगीच उत्पन्न झाल्यासारखं दिसतं.

रोख रकमेचा मेळ

एटीएममधून पैसे काढणं म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकणं. खर्च फक्त एटीएमचं शुल्क. हे एक पक्कं झालं की दुहेरी नोंदी थांबतात.

रविवारी सकाळी दोघांची पाकिटं टेबलावर रिकामी करा आणि मोजा. चियांग माईतल्या दोन आठवड्यांचा मेळ असा दिसेल : सुरुवातीची शिल्लक १,८५० बाथ. दोन वेळा दहा-दहा हजार काढले, म्हणजे २०,००० जमा. प्रत्येक वेळचं २२० बाथ शुल्क खात्यातून परस्पर गेलं, ते ‘बँक आणि चलन’मध्ये. लिहिलेला रोख खर्च १७,६४०. म्हणजे पाकिटात ४,२१० असायला हवेत. मोजल्यावर निघाले ३,७२०. तूट ४९० बाथ, लिहिलेल्या खर्चाच्या पावणेतीन टक्के.

एवढ्या तुटीवर डोकं फोडू नका. ‘बेहिशेबी’ अशी एकच ओळ टाकून मेळ बसवा आणि पुढे जा. तीन टक्क्यांपर्यंत चालतं. पाच टक्क्यांवर गेली तर मात्र एखादी सवयच नोंदीतून सुटते आहे, असं समजा. चियांग माईत ती बहुधा सोंगथाओ असते, तीच ती लाल रंगाची शेअर गाडी. माणशी तीस बाथ दिले, दोघांचे साठ. उतरता उतरता देतो, फोन खिशातच राहतो. अशा आठ फेऱ्या झाल्या की ४८०. दा नांगमध्ये हीच जागा रस्त्यावरची कॉफी घेते. सुटणारी गोष्ट सापडली की तिच्यासाठी रोजची नोंद सोडून द्या आणि रविवारी एकदम ‘सोंगथाओ, ८ फेऱ्या’ अशी ओळ टाका.

एटीएमचं शुल्क हा नुसता किरकोळ त्रास नाही. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी सहसा निदान २२० बाथ लागतात, मग तीन हजार काढा की वीस हजार. तीन हजारांवर ते सात टक्क्यांहून जास्त पडतं, वीस हजारांवर १.१ टक्का. म्हणून थायलंडमध्ये कमी वेळा आणि मोठी रक्कम काढणं बरं. व्हिएतनाममध्ये अनेक एटीएम एका वेळी वीस-तीस लाख डोंगच देतात, त्यामुळे तिथे फेऱ्या वाढतात. मर्यादा जास्त असलेल्या बँकेचं एटीएम पहिल्या आठवड्यातच शोधून ठेवा.

रुपये करताना कोणता दर धरायचा

गूगलवर दिसणारा दर धरू नका. तो तुम्हाला कोणी देत नाही.

गणित एकदा करून बघू. समजा बाजारातला दर २.७० रुपये आहे आणि तुम्ही डेबिट कार्डाने १०,००० बाथ काढलेत. शुल्क धरून १०,२२० बाथ, म्हणजे २७,५९४ रुपये. त्यावर बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या व्यवहारावरचं जादा शुल्क, ९६६ रुपये. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी १७४ रुपये. शिवाय बँकेचं परदेशी एटीएमचं शुल्क, समजा जीएसटीसह १४८. एकूण २८,८८२ रुपये गेले आणि हातात आले दहा हजार बाथ. तुमचा खरा दर २.८९. गूगलपेक्षा सात टक्के महाग. तेच पैसे साडेतीन टक्के मार्कअपच्या क्रेडिट कार्डाने दुकानात दिले असते तर जीएसटीसह ४.१३ टक्के चढून २.८१ पडले असते, आणि मार्कअप नसलेल्या कार्डाने २.७० च्या आसपास.

पण प्रत्येक नोंदीला वेगळा दर लावायला बसलात तर वेडे व्हाल. महिन्याच्या पहिल्या तारखेला एक दर ठरवा, तो ‘दर’ नावाच्या पानावर लिहा आणि महिनाभर तोच वापरा. महिनाअखेर बँकेतून आणि कार्डांतून प्रत्यक्ष किती रुपये गेले त्याची बेरीज घ्या, महिन्याच्या सुरुवातीला पाकिटात असलेली रोकड त्यात मिळवा, उरलेली वजा करा, आणि शीटच्या रुपयांशी ताडून बघा. फरक ‘बँक आणि चलन’मध्ये एका ओळीत. ही ओळ दर महिन्याला ठळकपणे बघायची, कारण याच एका कप्प्यात जीभ न मारता, फिरणं कमी न करता पैसे वाचतात.

दुकानात किंवा एटीएमवर ‘रुपयांत घ्यायचे की बाथमध्ये’ असं विचारलं तर नेहमी बाथ. एटीएमच्या पडद्यावर ‘विदाउट कन्व्हर्जन’ निवडा. रुपये निवडले की दर यंत्रवाला ठरवतो, आणि व्यवहार परदेशातला म्हणून भारतातली बँक वर आपलं शुल्क लावू शकते ते वेगळंच. परदेशी संकेतस्थळांवर विमान किंवा हॉटेल बुक करतानाही हीच काळजी घ्या.

फॉरेक्स कार्डाचं, म्हणजे आधीच परदेशी चलन भरून ठेवायच्या कार्डाचं, गणित निराळं. दर पैसे भरतानाच ठरतो. कार्डात बाथ असतो, डोंग सहसा नसतो. डॉलर भरून डोंगमध्ये खर्च केला तर चलन बदलाचं शुल्क पुन्हा लागतं. कार्डात पैसे भरणं हाही खर्च नाही, एटीएमसारखंच एका खिशातून दुसऱ्यात. आणखी एक : फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम आणि डेबिट कार्डाने परदेशात काढलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत (परदेशी पैसे नेण्या-पाठवण्याची वार्षिक मुभा) मोजले जातात. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात माणशी १० लाखांच्या वरच्या अशा रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल होणारा आयकर) कापतात. ही मर्यादा प्रत्येकाच्या पॅनवर वेगळी असते, म्हणून सगळे पैसे एकाच्याच खात्यातून पाठवू नका. कापला गेला तरी टीसीएस खर्च नव्हे; विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो, त्यामुळे ‘येणे’ पानावर.

कोणी दिले आणि कोणाचे

‘कोणी दिले’ हा रकाना नुसता मेळासाठी आहे, दोष ठरवण्यासाठी नाही. दोघांची खाती वेगळी असतील तर निघण्याआधी एक ठरवा : सामाईक खर्च निम्मे-निम्मे, की मिळकतीच्या प्रमाणात? एकाला ९० हजार आणि दुसऱ्याला ६० हजार मिळत असतील तर ३ ला २. एक जण नोकरी सोडून आला असेल तर सगळा सामाईक खर्च एकाच खात्यातून करा आणि हा रकाना विसरा. उसनवारीचा हिशेब महिन्यातून एकदाच मिटवायचा, दर जेवणानंतर नाही.

दोघांचा वैयक्तिक खिसा मात्र हवाच. महिन्याला ठरावीक रक्कम, दोघांना सारखी, आणि त्यात काय घेतलं ते लिहायचं नाही. शीटमध्ये पहिल्या तारखेला ‘तिचा खिसा ३,००० बाथ’ एवढीच ओळ. मसाज, पुस्तक, दुसरी बिअर, सासूबाईंसाठी घेतलेली पर्स, सगळं त्यातून. ज्या हिशेबात प्रत्येक आइस्क्रीमची जाब-विचारणी होते, तो हिशेब टिकत नाही.

एकाच कार्डावर दोघांनी विसंबू नका. दोन वेगळ्या बँकांची कार्डं, दोन वेगळ्या पिशव्यांत. २०२० पासून भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या अॅपमधून ते चालू करावे लागतात. एटीएम, दुकान आणि ऑनलाइन यांच्या मर्यादा तिथेच वेगवेगळ्या लावता येतात. ओटीपी ज्या नंबरवर येतो, त्या सिमचं रोमिंग निघण्याआधी चालू करून भारतातच तपासून घ्या. नाहीतर कार्ड तिच्याकडे आणि ओटीपी त्याच्या फोनवर, तो फोन खोलीत चार्जिंगला.

गावागावाचे छुपे खर्च

थायलंडमध्ये भाड्याचा आकडा गोड असतो आणि वीज कडू. सरकारी दर युनिटला चार बाथच्या आसपास असतो, पण बरेच घरमालक सात-आठ लावतात. दीड टनाचा एसी ताशी साधारण एक युनिट खातो. रात्री आठ तास चालवला तर ८ युनिट, आठच्या दराने ६४ बाथ, २८ रात्रींचे १,७९२. घर बघताना भाड्याच्या आधी युनिटचा दर विचारा, आणि चावी घेताना मीटरचा फोटो काढा. पिण्याचं पाणी रस्त्यावरच्या यंत्रातून लिटरला एक बाथ पडतं. बाटल्या घेत बसलात तर दोघांचा महिन्याचा पाण्याचा खर्च कित्येक पट होतो. जरा बऱ्या हॉटेलांत मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि मग त्या बेरजेवर ७ टक्के कर. १०० चे ११७.७० होतात.

मलेशियात परदेशी पाहुण्यांना हॉटेलांत खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर द्यावा लागतो. बुकिंगच्या रकमेत तो बहुधा नसतो. काउंटरवर रोख मागतात आणि लिहायचा राहतो.

व्हिएतनाममध्ये दुचाकी स्वस्तात भाड्याने मिळते आणि खर्चाच्या तक्त्यात फार छान दिसते. पण भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते-वाहतुकीच्या १९४९ च्या करारानुसारचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातला. त्यामुळे अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करण्याची शक्यता दाट. ग्रॅबचा (अॅपवरून बोलवायच्या टॅक्सीचा) खर्च धरूनच बजेट आखा. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत तेत, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाचा सण, येतो. त्या आठवड्यात दुकानं बंद, गाड्या भरलेल्या, भाव चढलेले. त्या आठवड्यावरून गावाचा दर ठरवू नका.

‘मांडामांड’ हा कप्पा यासाठीच वेगळा ठेवला. प्रत्येक नव्या गावात पहिल्या चार दिवसांत तेल, मीठ, तिखट, साखर, चहा, भांड्यांचा साबण, कपड्यांच्या चिमट्यांपासून सगळं पुन्हा घ्यावं लागतं. घर लागेपर्यंत बाहेरचं जेवणही जास्त होतं. शाकाहारी असाल तर अजून जास्त, कारण कुठल्या दुकानात माशाच्या सॉसशिवाय मिळतं हे कळायला आठवडा जातो. त्यामुळे पहिल्या आठवड्याच्या खर्चाला चाराने गुणून महिन्याचा अंदाज बांधला तर तो हमखास फुगतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याची सरासरी घ्या, मांडामांड वरून मिळवा. हळद, हिंग, मोहरी आणि छोटी मसाल्याची डबी सोबत फिरवली तर हा कप्पा निम्म्यावर येतो.

भारतातलं पान

सोसायटीचा मेंटेनन्स, गृहकर्जाचा हप्ता, आरोग्यविम्याचा हप्ता, दोन्ही सिमचे रिचार्ज, बंद घराचं किमान वीजबिल, झाडांना पाणी घालणाऱ्या मावशींचे पैसे, आईवडिलांना दरमहा पाठवायची रक्कम. वर्षातून एकदा येणारे खर्च ३६५ ने भागून रात्रीच्या दरात आणा. मालमत्ता कर १०,९५० असेल तर रात्रीला ३०. घर भाड्याने दिलं असेल तर भाडं याच पानावर उणे.

एसआयपी इथे लिहू नका. ती बचत आहे.

महिनाअखेर

महिन्याच्या एकूण रुपयांना त्या महिन्यातल्या रात्रींनी भागा. दोघांचा मिळून रात्रीचा एक आकडा निघतो. समजा परदेशातला ४,४०० आणि भारतातला ४०० : ४,८०० रुपये. हाती ६ लाख उरले आहेत. त्यातून परतीचा खर्च आणि अडीअडचणीसाठी १,२०,००० बाजूला काढा, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या ४,८०,००० मध्ये १०० रात्री निघतात. ‘बजेटच्या बाहेर गेलो’ या चडफडीपेक्षा ‘या महिन्यात चार रात्री कमी झाल्या’ हे जास्त कळतं. मसाज की कुकिंग क्लास, याचा निकालही रात्रींत लागतो : दोघांचा क्लास ४,८०० ला असेल तर तो एका रात्रीच्या बदल्यात.

सफर संपली तरी शेवटच्या महिन्याची वही लगेच बंद करू नका. उरलेले डोंग भारतात कोणी धड भावाने घेत नाही. देश सोडण्याआधी बदला आणि त्यातली घट ‘बँक आणि चलन’मध्ये लिहा. फॉरेक्स कार्डातली शिल्लक रुपयांत परत घेताना दर पुन्हा वेगळा लागतो, तो फरकही तिथेच. आणि क्रेडिट कार्डावरचे शेवटच्या आठवड्याचे व्यवहार पुढच्या बिलात येतात, हॉटेलाने रोखलेली रक्कम कधीकधी त्याच्याही पुढच्या बिलात सुटते. ती दोन बिलं हातात आली, ‘येणे’चं पान कोरं झालं, की मगच शेवटची बेरीज मारा.